दगडफुलाचा वास

लालबागच्या मिरची गल्लीत एका दुकानदाराने माझ्या तळहातावर चिमूटभर दगडफूल ठेवलं आणि म्हणाला, "ताई, वास घेऊन बघा." घेतला. काहीच नाही. किंचित ओलसर माती, किंचित जुनं लाकूड, तेही असलंच तर. त्याने समजावलं वगैरे नाही. पुडी बांधता बांधता एवढंच म्हणाला, "तेलात पडल्याशिवाय बोलत नाही ते."

दगडफूल हे फूल नाहीच. शैवाल आणि बुरशी एकमेकांच्या आधाराने खडकावर, झाडांच्या सालीवर पापुद्रा धरतात, तो हा. त्याला कुणी पहिल्यांदा कढईत टाकलं असेल? भुकेने नव्हे, कारण पोट भरण्यासारखं त्यात काही नाही. कुतूहलानेच टाकलं असणार.

त्याच आठवड्यात फ्लॉवरच्या भाजीची एक कृती वाचत होते. शेवटची ओळ नेहमीचीच: मीठ, आणि चवीला साखर. मग उसळीच्या कृतीतही तीच, कोशिंबिरीतही, हिरव्या चटणीतही. एवढी साखर कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि पाच टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी बरं. हे पाच टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा लहान चमचे. दोन चमचे साखरेचा चहा तीनदा घेतला की हिशेब तिथेच पुरा होतो. भाजीतली, कोशिंबिरीतली, बिस्किटातली साखर त्याच्या वरची.

साताऱ्याच्या आत्याच्या भाजीत साखर नसायची. चैत्रात तिचा गोडा मसाला व्हायचा आणि त्या दिवशी घरात दुसरं काही शिजत नसे. सकाळीच पिठलं-भात उरकलेला असायचा. लोखंडी कढई, मंद आच आणि ओळीने मांडलेली ताटं. धणे थोड्याशा तेलावर, तीळ आणि खोबरं कोरडंच. लवंग, दालचिनी, तमालपत्र, मिरी, नागकेशर, शहाजिरं, हळकुंड, हिंगाचा खडा, सगळं वेगवेगळं. कुणी घाईने दोन जिन्नस एकत्र टाकले तर ती कढई उतरवायची. धणे कच्चे राहतात तोवर लवंग करपते, आणि करपलेली एक लवंग अख्ख्या डब्याला कडू करते, हे तिचं म्हणणं. तीळ तडतडायला लागले की ती झाऱ्याने हलवणं थांबवून नुसती ऐकायची. हिंगाचा खडा तेलात फुलला की नाही हे ती फोडून बघायची. आत चिकट राहिलेला खडा पुन्हा तेलात जायचा. दगडफूल सगळ्यात शेवटी, कारण त्याला क्षणभरच लागतो. ते तेलात पडलं की ओसरीवर पेपर वाचणारे काकासुद्धा मान वर करायचे.

मग सगळं गार होईपर्यंत थांबायचं. ही थांबण्याची वेळ आम्हा मुलांना सोसत नसे. ऊन कलल्यावर ती स्वतः डबा घेऊन डंक्यावर जायची, रांगेत बसायची, आणि आपल्या आधी कुणाची मिरची कांडली असेल तर यंत्र पुसून घ्यायला लावायची. घरी येऊन मसाला चाळायचा, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचा खडा, तोंडाला दादरा. दिवाळीच्या आधी हाच सोहळा पुन्हा. वर्षाचा मसाला एकदम का करत नाहीस, असं शेजारणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "सहा महिन्यांनंतर नुसता रंग उरतो, बाई." आमटीत गूळ घालायची, पण चिंचेपुरता. कुणी भाजीत साखर मागितली तर म्हणायची, "गोडच हवं असेल तर शिरा करते."

तिचं ते रंगाबद्दलचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. मसाल्याचा जीव त्याच्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. अख्ख्या लवंगेत ती बरेच महिने टिकतात. पूड केली की हवेला पृष्ठभाग मिळतो आणि ती निसटत राहतात. गॅसशेजारच्या फळीवर, अर्ध्या उघड्या झाकणाखाली वर्षभर पडलेला मसाला घातला की आमटी सपक लागते. हात आधी मिठाकडे जातो, मग साखरेकडे. आपल्या स्वयंपाकात साखर वाढली त्याचं एक कारण मला हे दिसतं: मसाला दमला, आणि त्याचं काम आपण साखरेला दिलं.

साखरेशी माझं वैर नाही. 1950-51च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणून वरणातही साखर हवी असं नाही. आणि गूळ घातला म्हणून सुटलो, असंही नाही. गूळसुद्धा बहुतांशी साखरच.

गोडाच्या पदार्थांतही मसाला साखरेची जागा थोडी थोडी घेतो. वेलदोडा, जायफळ, दालचिनी यांचा वास आपण आयुष्यभर गोडाबरोबरच घेतलेला असतो, त्यामुळे तो वास आला की तेवढीच साखर जिभेला जास्त वाटते. बडीशेप तर स्वतःच गोड आहे. तिच्यातलं अ‍ॅनेथोल साखरेहून कितीतरी पट गोड असतं. खिरीत साखर कमी करून वेलदोडा त्याच क्षणी कुटून घाला, सहाणेवर जायफळाचे दोन वळसे द्या. पाहुण्यांना सांगावं लागत नाही. मात्र मसाल्याला औषध करू नये. मधुमेहावर रोज चमचा चमचा दालचिनी खाणारे लोक मला भेटतात तेव्हा काळजी वाटते. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया असते, तिच्यात कूमारिन जास्त असतं आणि ते फार झालं तर यकृताला त्रास होतो. चिमूट ही चिमूटच बरी.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते तिरफळ. कोकण आणि गोव्याबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नाही, ही खंत आहे. ओठांना हलकी बधिर झिणझिणी आणि मागून लिंबाच्या सालीसारखा वास. बांगड्याच्या तिखल्यात ते असलं की साखरेची आठवणसुद्धा होत नाही. बटाट्याच्या रश्श्यातही घालून पाहिलंय, छान लागतं. कुठे मिळालं तर आणा. आतली काळी बी काढून टाका, टरफलं नुसती ठेचा, वाटणात वाटू नका, नाहीतर रस्सा कडू होईल. उकळी आल्यावर घाला आणि झाकण ठेवा.