लॉसनच्या मागचा डोंगर

‘काहीच घडत नाही’ असं जपानी कादंबऱ्यांबद्दल दोन प्रकारचे वाचक म्हणतात. पुस्तक निम्म्यात मिटणारे, आणि ते संपवून लगेच दुसऱ्या कुणाच्या हातात देणारे. तक्रारही तीच, कौतुकही तेच. बाकीची मतंही अशीच जोडीने येतात. पात्रं फार एकटी आहेत म्हणून एकाला गुदमरल्यासारखं होतं, दुसऱ्याला त्याच एकटेपणात हायसं वाटतं. तोशिकाझू कावागुची यांचं ‘बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड’ घ्या. त्यातल्या कॅफेत भूतकाळात जाता येतं. पण एका ठरावीक खुर्चीवर बसूनच, कॉफी गार व्हायच्या आत परत यायचं, आणि तिथे काहीही केलं तरी वर्तमान बदलत नाही. हे नियम पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितले जातात. आमच्या वाचनगटातल्या एकीचं त्याने डोकं उठलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, कीर्तनातलं ध्रुवपद आहे ते, परत यायचंच.’ ही गोष्ट आधी नाटक म्हणून रंगमंचावर आली होती, हे कळल्यावर दोघीही ‘तरीच!’ म्हणाल्या आणि आपापल्या मतावर ठाम राहिल्या.

मला खुपलं ते पुढचं. दोन्ही बाजू शेवटी एकाच वाक्याशी येऊन थांबल्या: ‘जपानी लोक असेच असतात गं.’ दुरून डोंगर साजरे, असं अगदी ओठावर आलं होतं. बोलले नाही, आणि मग ती म्हणच डोक्यात घुमत राहिली.

ही म्हण केली कुणी? डोंगरात राहणाऱ्याने नक्कीच नाही. कळसूबाईच्या पायथ्याला बारी गाव आहे. तिथल्या माणसाला डोंगर दूर नाहीच. दूरची आहेत ती शनिवारी रात्री पाठीवर पिशव्या लादून येणारी मंडळी. बरं, नुसता दुरून बघणाराही ही म्हण करणार नाही, तो ‘डोंगर साजरे’ एवढ्यावरच थांबेल. म्हण करणारा एकदा जाऊन, ढोपरं फोडून परत आलेला असणार. म्हणजे तिच्यात प्रवासाहून परतलेल्याचा शहाणपणा आहे, थोडी खुन्नसही आहे. आपण ती वापरतो दुसऱ्याचा उत्साह विझवायला. पण तिचं पहिलं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. दुरून डोंगर साजरा दिसतो, यात खोटं काय आहे? डोंगराला आकार असतो तो दुरूनच. अंगावर गेलं की घसारा, कारवी आणि पुढच्या माणसाची टाच. संस्कृत सुभाषितकाराने तर डोंगरांच्या पंक्तीला युद्धाच्या कथाही बसवल्या: त्याही लांबूनच रम्य. गोष्टीचा आणि अंतराचा संबंध जुन्यांनी तेव्हाच लावून ठेवला होता.

जपानकडे दुरून साजरा दिसणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध डोंगर आहे. फुजी, उंची ३,७७६ मीटर. जवळ गेलं की नुसती लाव्ह्याची खडी. त्याच्यावर लिहिताना ओसामू दाझाई हा लेखक जी गंमत करतो, ती मला या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त आवडते. १९३८ च्या शरद ऋतूत तो मिसाका घाटातल्या एका चहाघरात मुक्कामाला होता. समोर फुजी, खाली तळं. असं दृश्य की लोक मुद्दाम बघायला येतात. दाझाईला त्याची लाज वाटली. सार्वजनिक न्हाणीघराच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रासारखा हा डोंगर, असं त्याला झालं. त्या मुक्कामावर त्याने पुढच्या वर्षी ‘फुजीची शंभर दृश्यं’ लिहिलं, आणि त्याची सुरुवात केली चक्क कोनमापकाने. जपानी चित्रकार हिरोशिगेने काढलेल्या फुजीचा माथा ८५ अंशांचा, बुंचोचा ८४ अंशांचा. होकुसाईने तर तो जवळजवळ ३० अंशांवर नेऊन सुळका केलेला. लष्करी नकाशावरून मोजलं तर खरा कोन पूर्व-पश्चिम १२४ अंश, दक्षिणोत्तर ११७. म्हणजे प्रत्यक्षातला डोंगर चांगलाच बसका आहे. टोकदार केला तो बघणाऱ्यांनी. आणि हे बघणारे कुणी परके नव्हते.

पुढे तो म्हणतो ते वाचून मी चमकलेच. समजा मला हिंदुस्थान किंवा तसल्याच कुठल्या देशातून गरुडाने उचललं आणि जपानच्या नुमाझूजवळच्या किनाऱ्यावर धपकन टाकलं, तर हा डोंगर बघून मी काही फार थक्क होणार नाही, अशा अर्थाचं ते म्हणणं आहे. आधीपासून ओढ असेल तरच तो भव्य. सगळ्या जगातून उचलायला त्याला नेमका आपला देश सापडावा!

पण गरुड आपल्याला उचलत नाही, हीच तर अडचण. आपण ओढ घेऊनच जातो. मराठी वाचकाला जपान भेटला तो शिरीष पै यांच्या हायकूंतून आणि ‘तोत्तोचान’मधून, थोडक्यात सांगणारा, हळुवार, न्याहाळणारा. आज इंग्रजीतून येणाऱ्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर मांजर नाहीतर पुस्तकाचं दुकान असतं, तेही त्या चित्रात बरोबर बसतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली भाषांतरित कथासाहित्याच्या विक्रीत एक चतुर्थांश वाटा जपानी पुस्तकांचा होता, तेव्हा ही ओढ आपल्यापुरती नाही. त्या चित्रात न बसणारी पुस्तकंही याच वाटेने येतात. यू मिरी यांच्या ‘टोकियो उएनो स्टेशन’ला २०२० मध्ये अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. त्यात १९६४ च्या ऑलिंपिकच्या बांधकामावर राबलेल्या आणि शेवटी बागेत बेघर होऊन राहिलेल्या मजुराचं भूत बोलतं. राजघराण्यातलं कुणी येणार असलं की बागेतल्या बेघरांच्या झोपड्या हटवल्या जातात. ‘मन शांत करणारं’ वाचायला बसलेल्याने ते मिटलं तर त्याला दोष कसा द्यावा?

फुजीकडे परत जाते, कारण २०२४ मध्ये त्याच्या पायथ्याशी जे झालं ते कुणा कादंबरीकाराला सुचलं नसतं. फुजिकावागुचिको गावात लॉसनचं एक दुकान आहे. जपानभर कोपऱ्याकोपऱ्यावर असतं तसलं, चोवीस तास उघडं, भाताच्या गोळ्यांपासून छत्रीपर्यंत सगळं मिळणारं. एका ठिकाणी उभं राहिलं की त्याच्या छपरावर फुजी ठेवल्यासारखा दिसतो. तो फोटो जगभर पसरला. लोक रस्त्यात उभे राहायला लागले, कचरा करायला लागले, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात घुसायला लागले. शेवटी मे महिन्यात गावाने रस्त्याच्या कडेला अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी उभारली. डोंगर दिसू नये म्हणून! काही दिवसांतच जाळीला कॅमेऱ्यापुरती भोकं पडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने ती उतरवली.

माणसं तिथे कशासाठी येत होती? फुजी तर कुठूनही दिसतो. त्यांना दुकानासकट डोंगर हवा होता. रोजच्यातलं रोजचं आणि दूरचं दूर, एकाच चौकटीत. हे कळलं आणि माझी म्हण डळमळली.

सायाका मुराता यांची ‘कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन’ अशाच एका दुकानात घडते. २०१६ चं अकुतागावा पारितोषिक, २०१८ मध्ये जिनी टॅप्ली ताकेमोरी यांचं इंग्रजी भाषांतर. मुराता स्वतः अशा दुकानात वर्षानुवर्षं काम करत. नायिका केइको ३६ वर्षांची, त्यातली १८ वर्षं त्याच दुकानात. गिऱ्हाइकाच्या खिशातली नाणी वाजली की हा सिगारेट नाहीतर पेपर घेणार, हे ती ओळखते. लहानपणी बागेत एक निळा पक्षी मरून पडलेला असतो. पोरं रडताहेत, आई म्हणते आपण त्याला पुरू या, आणि केइको म्हणते, खाऊया की, बाबांना भाजलेली कोंबडी आवडते. तिला कळत नाही ते याच्या पुढचं. पक्ष्यासाठी हळहळणारी हीच पोरं त्याच्या थडग्यावर वाहायला म्हणून जिवंत फुलं देठापासून तोडतात, आणि त्याला मात्र कुणी क्रूर म्हणत नाही.

गटात यावर कुणी ‘किती विचित्र, किती जपानी’ म्हणालं. दुसरी म्हणाली, ‘ही बाई आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते.’ केइको पुढे एका निरुपयोगी पुरुषाला घरात ठेवून घेते, तो मोरीतल्या टबात मुक्काम ठोकतो, आणि निव्वळ घरात पुरुष आहे एवढ्यावर तिच्या ओळखीपाळखीच्यांचा जीव भांड्यात पडतो. हे वाचताना मला टोकियो दिसलंच नाही. आपल्याकडच्या लग्नघरांतल्या, ‘तुझं कधी?’ विचारणाऱ्या बायकाच दिसल्या. मग हा डोंगर दूरचा की घरामागचा? की घरामागचा आपण कधी बघत नाही, म्हणून त्याला नुमाझूच्या किनाऱ्यावरून बघावं लागतं? तसं असेल तर ‘जपानी लोक असेच असतात’ ही वाचकाने स्वतःसाठी लावून घेतलेली काळी जाळी म्हणायची. पण असं म्हटलं की काकूंवर अन्याय होतो. त्यांना ते कॉफीचं पुस्तक खरंच आवडलं, आणि आवडायला कारण हवंच असं कुठे आहे?

हारुकी मुराकामींचं त्याहून अवघड. बाहेरच्या वाचकाला ते जपान वाटतात. जपानात मात्र त्यांच्यावर जुना आक्षेप की हा माणूस फार पाश्चात्त्य. २००० साली जर्मन दूरदर्शनवर त्यांच्या एका कादंबरीवरून दोन ज्येष्ठ समीक्षक एवढे भांडले की एकीने कार्यक्रमच सोडला. तिच्या मते ते साहित्यातलं फास्टफूड होतं. ज्या प्रतीवरून भांडले ती जपानीवरून नव्हे, इंग्रजी भाषांतरावरून केलेली होती. इतक्या लांबून कोन मोजायचा तरी कसा? आणि जवळच्या हिरोशिगेलाही तो बरोबर मोजता आला नाही, हे दाझाईने सांगून ठेवलंय.

म्हणून एक विनंती. पुण्यात जपानी शिकलेली आणि शिकवणारी माणसं पुष्कळ आहेत, मुंबईतही आहेत. काही जण नोकरीनिमित्त टोकियोत राहतात. त्यांच्यापैकी कुणी ही पुस्तकं मूळ जपानीत वाचली असतील, तर तिथले साधे वाचक त्यांच्याबद्दल काय म्हणतात ते लिहून कळवा. तक्रारी कळवल्यात तर फारच बरं. कौतुक इकडे भरपूर पोचलेलं आहे.