‘बरोबर’चं बटण

मे महिन्यातली रात्र. होस्टेलच्या खोलीत पाणी संपलेला कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि मी कॅल्क्युलेटरवर एकच बटण दाबत सुटलोय. बरोबरचं चिन्ह. एकदा, दोनदा, सात वेळा! दर दाबाला पडद्यावरचा आकडा थोडा खाली उतरतो. रूममेट कुशीवर वळून विचारतो, ‘‘काय करून राहिला बे? झोप ना आता!’’ झोप कसली! माझ्या तळहातावर एक समीकरण आपलं आपण सुटत होतं.

मी अमरावती रोडवरच्या एलआयटीत, म्हणजे पूर्वीच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये केमिकल इंजिनिअरिंग शिकतो. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून ही संस्था 1942 साली उभी राहिली. संख्यात्मक पद्धती, म्हणजे आमच्या भाषेत ‘न्यूमेरिकल मेथड्स’, हा विषय मी आजवर परीक्षेपुरताच पाहिला होता. त्या रात्री तो पहिल्यांदा भेटला!

गणित असं होतं : नागपूरची 47 अंशांची दुपार, म्हणजे 320 केल्विन. 10 लिटरच्या सिलिंडरमध्ये 50 बार दाबाने कार्बन डायऑक्साइड भरलाय. आत वायू किती? शाळेतल्या आदर्श वायूच्या नियमाने एका मोलला 0.5321 लिटर जागा लागते, म्हणजे आत 827 ग्रॅम वायू. पण खरे रेणू एकमेकांना ओढतात आणि स्वतःही जागा अडवतात. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी 1873 साली या दोन्ही गोष्टी समीकरणात आणल्या आणि 1910 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता समीकरण खऱ्याच्या जवळ आलं, पण आकारमान त्यात दोन ठिकाणी जाऊन बसलं, एका ठिकाणी तर वर्ग होऊन. त्याला एकटं बाजूला काढायला जावं तर घन समीकरण उभं राहतं!

सरांनी फळ्यावर त्याची मांडणी बदलली होती. डावीकडे आकारमान एकटं, उजवीकडे बाकी सगळं, आणि त्या सगळ्यातही आकारमान आहेच. उजवीकडे अंदाज घालायचा, डावीकडे जे येईल ते उचलून परत उजवीकडे घालायचं. वर्गात मला ही पळवाट वाटली होती. रात्री मी ती ओळ कॅल्क्युलेटरवर लिहिली, आकारमानाच्या जागी मागचं उत्तर लक्षात ठेवणारं ‘आन्स’ बटण घातलं आणि 0.5321 पासून सुरुवात केली. 0.4660. 0.4412. 0.4300. 0.4245. 0.4217. आकडे उतरत होते, उतरताना मंदावत होते, आणि शेवटी 0.4186 वर येऊन थांबले. कितीही दाबा, हलायला तयार नाहीत! मुद्दाम 100 पासून सुरुवात केली, तर पहिल्याच दाबाला 0.57 आणि मग पुन्हा तोच उतार. 0.1 पासून केली, तर खालून चढत चढत तिथेच! सिलिंडरमध्ये 1,051 ग्रॅम वायू निघाला. शाळेतल्या नियमाने जवळजवळ सव्वादोनशे ग्रॅम वायू गायबच केला होता!

मग मी वही तपासली. उत्तरातली चूक दर पायरीला साधारण निम्मी होत होती. याहून वेगाने जाता येईल? येतं! त्याच रात्री न्यूटन-राफसन पद्धत करून पाहिली. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताय असं समजा. तळ्याचं पाणी म्हणजे शून्य. पायाखालचा उतार किती तेवढं बघायचं, तोच उतार पाण्यापर्यंत सरळ राहील असं धरायचं, आणि पाणी जिथे लागेल असं वाटतं त्या जागी जाऊन उतार पुन्हा मोजायचा. 0.5321, 0.4563, 0.4248, 0.4189, 0.4186. चार पायऱ्यांत मुक्कामाला! पहिली पद्धत सात पायऱ्यांनंतरही 0.4195 वर रेंगाळत होती. अर्थात जिथे जमीन सपाट असते तिथे ही पद्धत कुठल्या कुठे भरकटते, म्हणून सुरुवातीची जागा डोळसपणे निवडावी लागते.

ती निवड किती मोलाची, हे थंडीतलं तापमान घातल्यावर कळलं. साधारण 31 अंशांच्या खाली, ठरावीक दाबांना, याच समीकरणाची तीन उत्तरं निघतात. सर्वांत मोठं वायूचं, सर्वांत लहान द्रवाचं आणि मधलं निरर्थक. आदर्श वायूच्या आकड्यापासून निघालात तर वायूपाशी पोचता, रेणूंनी अडवलेल्या जागेच्या जवळून निघालात तर द्रवापाशी. म्हणजे अंदाज हा आंधळा नेम नव्हेच! आपण काय शोधतोय हे आधी माहीत असणाऱ्याचा तो निर्णय असतो. केमिकल इंजिनिअरचं रसायनाचं ज्ञान इथे कामी येतं.

आता मला ही युक्ती सगळीकडे दिसते. पेंचचं पाणी नागपुरात आणणाऱ्या जलवाहिनीत घर्षणाने किती दाब जातो? 1939 सालच्या कोलब्रुकच्या समीकरणात घर्षणांक दोन्ही बाजूंना बसलाय, लॉगॅरिदमच्या आतसुद्धा. अंदाज घाला, फिरवा, थांबेल. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात किती ताटं हवीत? मॅककेब आणि थीले यांनी 1925 मध्ये आलेखाच्या कागदावर जिना काढून दाखवला. एकेक पायरी म्हणजे एकेक ताट. तो जिना मी किती वेळा काढला होता, पण मागच्या पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला देणारी ही तीच रीत, हे आत्ता दिसलं!

इतकी वर्षं मी समजत होतो, की गणित सोडवणं म्हणजे सूत्र आठवणं. नाही! आपण किती चुकलोय हे मोजता येणं आणि त्या मापाने पुढचं पाऊल टाकणं, हेही गणित सोडवणंच आहे. कारखान्यातली बहुतेक समीकरणं अशीच सुटतात.

तुम्ही केमिकलचे नसाल तरी हा आनंद आज रात्री घेऊ शकता. 2 चं वर्गमूळ शोधा. अंदाज धरा 1. 2 ला अंदाजाने भागा, भागाकार आणि अंदाज यांची सरासरी काढा, तोच नवा अंदाज. पहिल्यांदा 1.5 येईल, मग 17 भागिले 12, मग 577 भागिले 408. पाच दशांश स्थळांपर्यंत अचूक! आणि यज्ञवेदी आखण्यासाठी बौधायनाच्या शुल्बसूत्रात याच वर्गमूळाचं जे माप दिलंय, त्यातल्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून बघा. तीही बरोबर 577 भागिले 408 च येते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कॅल्क्युलेटर घ्या आणि बरोबरचं बटण स्वतः दाबा.