कातरकाम

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा, असे जो तो सांगतो. फक्त तो कात्रीचा नसावा, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. मी घरातल्या जुन्या फोटोंच्या प्रती काढून आणतो, त्यांतली माणसे कातरतो आणि भलत्याच ठिकाणी नेऊन चिकटवतो. कलेच्या भाषेत याला फोटोमोंताज म्हणतात. आमच्या घरात 'पसारा' म्हणतात.

आत्तापर्यंतची माझी कामगिरी ऐका. काकांच्या लग्नाची पंगत अरबी समुद्रावर बसली आहे आणि वाढपी श्रीखंडाचे पातेले घेऊन लाटांवरून धावतो आहे. धाकटे बंधुराज, वय वर्षे एक, उघडेबंब, पर्वतीएवढे होऊन पर्वतीला टेकून बसले आहेत. आत्याच्या अंबाड्यातून एस.टी. बाहेर पडते आहे. आत्याने ते चित्र पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि विचारले, "गाडी कुठली रे? सातारा?"

यातली खरी मेख उजेडाची. एस.टी.वर ऊन डावीकडून आणि आत्यावर उजवीकडून आले, की संपलेच! अंबाड्यातून एस.टी. निघाली तर डोळे ते मुकाट्याने मानतात; उन्हाचा खोटेपणा मात्र लगेच पकडतात.

ही विद्या काही माझी नव्हे. हाना होख या जर्मन बाईंनी छापील फोटो कापून केलेले एक भलेमोठे चित्र १९२० साली बर्लिनच्या प्रदर्शनात लागले होते. त्याच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. हे मी घरी कौतुकाने सांगितले आणि त्या दिवसापासून आमची सुरी कडीकुलपात गेली.

आपल्याकडे विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये असेच काम संगणकावर केले, तेही घरच्या फोटोंवर. त्यांतले बरेचसे आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले. मावशी म्हणजे चित्रकार अमृता शेरगिल. मावशी १९४१ साली गेली, भाचा जन्मला १९४३ साली. जिला उभ्या जन्मात पाहिले नाही, तिला भाच्याने आजोबांशेजारी आणून उभे केले. हे वाचले आणि मला वाटले, समुद्रावरची पंगत पुरे झाली; आपल्याही घरचे एक माणूस आणायचे राहिले आहे.

आमच्या आल्बममध्ये वडील नाहीत. घरातला आग्फा क्लिक थ्री त्यांचा, म्हणून फोटो बाकी सगळ्यांचे. ऑफिसच्या ओळखपत्रावर ते आहेत, पण तिथे ते जामिनावर सुटल्यासारखे दिसतात. मात्र सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा, हा त्या काळचा नियम. त्यामुळे महाबळेश्वर असो की आळंदी, आमच्या पायांशी त्यांची सावली पडलेली आहे. दोन्ही कोपरे बाहेर, हात तोंडाशी.

तीच मी कातरली. अंगणातल्या ग्रुप फोटोत मधोमध वेताची खुर्ची चिकटवली आणि खुर्चीत सावली बसवली. सावलीचे एक बरे, तिला उजेड जुळवावा लागत नाही.

आईला चित्र दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सावलीच्या कोपरावर बोट ठेवून म्हणाली, "बसलेत खरे. पण आता तरी तो कॅमेरा खाली ठेवा म्हणावं."