वेगळे ताट नको, भरलेले ताट हवे

घरातल्या कुणाला टीबी झाला आहे असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक घरांत पहिली गोष्ट कोणती होते? रुग्णाची ताटवाटी वेगळी निघते. त्याच्या पेल्यावर खूण केली जाते. बायको किंवा सून ती भांडी बाजूला घासते आणि उन्हात पालथी घालते. मुलांना त्याच्या खोलीत जाऊ दिले जात नाही. घरात लग्नाची मुलगी असेल तर शेजारीपाजारी कळू नये म्हणून औषधाच्या गोळ्यासुद्धा लपवून ठेवल्या जातात.

यात दुष्टपणा नसतो. आपल्या माणसांची काळजी आणि पिढ्यान् पिढ्या मनात बसलेली भीती या दोन्हींपोटी हे घडते. पण वेगळ्या ताटाचा उपयोग मात्र काडीचाही होत नाही. क्षयाचा जंतू ताटावाटीतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. रुग्ण खोकला, शिंकला की सूक्ष्म तुषार हवेत तरंगत राहतात आणि कोंदट खोलीत ते दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत जातात. औषधे नियमित सुरू झाली की काही आठवड्यांत हा प्रसार कमी होत जातो. म्हणजे खबरदारी घ्यायची ती खिडक्या उघडण्याची, खोकताना तोंडावर रुमाल धरण्याची आणि औषधाचा एकही दिवस न चुकवण्याची.

तरीही ताटाचा आणि क्षयाचा संबंध आहेच. तो आपण समजतो त्यापेक्षा निराळा आहे. ताट कुणाचे वेगळे आहे याला महत्त्व नाही. घरातल्या प्रत्येकाच्या ताटात काय पडते, याला मात्र फार महत्त्व आहे. भारतातच झालेल्या एका मोठ्या संशोधनाने २०२३ मध्ये ही गोष्ट आकड्यांनिशी दाखवून दिली.

जंतू शिरला म्हणजे आजार झाला का?

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या आधी हा आजार म्हणजे दैवाचा कोप किंवा घराण्याचा शाप समजला जाई. जंतू सापडला आणि शत्रू कोण ते कळले. पण एक कोडे उरलेच. ज्यांच्या शरीरात हा जंतू शिरतो, त्यांपैकी बहुतेकांना आजार होतच नाही. साधारणपणे दहांपैकी फार तर एकाला आयुष्यात कधीतरी क्षय होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू असतो, पण शरीराची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते.

मग तो दहावा माणूस कोण? आपल्या पूर्वजांनी या आजाराला जे नाव दिले त्यातच उत्तराचा धागा आहे. क्षय म्हणजे झिजणे. आजाराने माणूस झिजतो हे सर्वांनाच दिसते. पण आधीच झिजलेल्या माणसाला हा आजार लवकर गाठतो, ही दुसरी बाजू तितकीच खरी आहे. अंगात पुरेशी प्रथिने आणि उष्मांक नसतील तर जंतूला कोंडून ठेवणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि तुरुंगाची भिंत ढासळते.

सॅनेटोरियमचे दिवस

औषधे नव्हती तेव्हा डॉक्टरांच्या हाती अन्न, विश्रांती आणि मोकळी हवा एवढेच होते. त्यासाठी गावाबाहेर, झाडीत किंवा डोंगरावर सॅनेटोरियम बांधली गेली. मिरजेजवळचे वानलेस सॅनेटोरियम, आंध्रातील मदनपल्ली, कुमाऊँच्या डोंगरातील भोवाली ही नावे जुन्या पिढीला परिचित होती. तिथे रुग्णाला दूध, अंडी, लोणी मिळे आणि दर आठवड्याला त्याचे वजन होई. मात्र तिथे जागा मिळणे हे मोजक्याच लोकांच्या नशिबी असे. देशात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा काही हजारच होत्या.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही स्वस्त गोळी आली. मग प्रश्न उभा राहिला, की औषध घरी घेऊन रुग्ण बरा होईल का? याचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास येथे एक केंद्र सुरू झाले. आज ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. मद्रासच्या गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये, तर काहींना त्यांच्या घरीच एक वर्ष औषधे देण्यात आली. कुणी कुठे जायचे हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. सॅनेटोरियममध्ये सकस जेवण आणि आराम होता. घरी दाटीवाटी, अपुरे अन्न आणि रोजची कामे होती.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जग चकित झाले. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते. घरातल्या इतरांना जास्त प्रमाणात लागण झाली असेही दिसले नाही, कारण लागण व्हायची ती बहुधा निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते. हे भारतीय संशोधनाचे मोठेच यश होते. त्यामुळे लाखो गरीब रुग्णांना घरच्या घरी उपचार मिळू लागले आणि हळूहळू जगभरची सॅनेटोरियम बंद झाली.

पण या यशाबरोबर एक गोष्ट नकळत हातातून निसटली. ‘औषध असले की पुरे, आहाराचे काय एवढे?’ असा समज रूढ झाला. वास्तविक मद्रासच्या अभ्यासाने विचारलेला प्रश्न होता, औषधे घेणारा रुग्ण घरी बरा होतो का? पोटभर जेवणाऱ्या कुटुंबातील इतर माणसे क्षयापासून वाचतात का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले गेले आणि ताट मागे पडले.

चौतीस किलोची बाई

हा विसरलेला प्रश्न पुन्हा वर आला तो छत्तीसगडमधून. बिलासपूरजवळच्या गनियारी गावात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी ‘जन स्वास्थ्य सहयोग’ हे रुग्णालय उभे केले. आसपासच्या खेड्यापाड्यांतून आणि जंगलपट्ट्यांतून तिथे क्षयाचे रुग्ण येत. १,६९५ प्रौढ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे अंगावर काटा आणणारे होते. उपचार सुरू होताना पुरुषांचे मध्यम वजन ४२ किलो होते. बायकांचे होते ३४ किलो. आपल्या घरातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे जे वजन असते, ते तिथे प्रौढ बाईचे होते. आणि जितके वजन कमी तितका मृत्यूचा धोका जास्त, हेही त्याच नोंदींनी दाखवले.

गनियारीच्या कामात सहभागी असलेले डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रेही धुंडाळली. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथे १९१८ मध्ये क्षयरुग्णांची एक वसाहत वसवण्यात आली होती. तिथे रुग्ण आपल्या कुटुंबासह राहत. त्यांना झेपेल असे काम, त्याचा मोबदला, बरे घर आणि पुरेसे अन्न मिळे. रुग्ण आईबापांजवळ राहूनही वसाहतीत जन्मलेल्या मुलांत प्रत्यक्ष आजाराचे प्रमाण फारच कमी राहिले होते. औषधे येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे! पण एवढ्यावरून आजचे वैद्यकशास्त्र समाधानी होत नाही. त्याला तुलना लागते, मोजमाप लागते.

झारखंडमधला शिधा

ती तुलना झारखंडच्या चार जिल्ह्यांत झाली. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली आणि क्षयरोग कार्यक्रमाच्या सहकार्याने ऑगस्ट २०१९ मध्ये हे काम सुरू झाले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे यात सामील होती. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश आदिवासी समाजातील होती. घरातल्या दर तीन माणसांमागे एक कुपोषित होता. रुग्णांत तर पाचांपैकी चार कुपोषित निघाले.

सर्वच रुग्णांना औषधांबरोबर दरमहा १० किलोंचा शिधा दिला गेला. त्यात तांदूळ, सत्तू, दुधाची पावडर आणि तेल होते. फरक होता तो घरातल्या इतर माणसांच्या बाबतीत. एका गटातील कुटुंबांमध्ये प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दहा वर्षांखालील मुलांना याच्या निम्मे. दुसऱ्या गटातील कुटुंबीयांना असा वेगळा शिधा नव्हता. कोणत्या भागाने कोणत्या गटात जायचे, हे इथेही चिठ्ठीच्याच न्यायाने ठरले. मध्येच करोनाची साथ आली, टाळेबंदी आली, तरी जुलै २०२२ पर्यंत या माणसांचा मागोवा घेतला गेला.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा न मिळालेल्या कुटुंबांत हजारी सुमारे २६ माणसांना क्षय झाला होता. शिधा मिळालेल्या कुटुंबांत हजारी १७ जणांना. सर्व हिशेब करून पाहता क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले होते. थुंकीतून जंतू सापडणारा, म्हणजे दुसऱ्याला लागू शकणारा फुफ्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी झाला होता. साधारण तीस घरांत शिधा पोहोचला की एक माणूस क्षयापासून वाचतो, असा त्याचा अर्थ निघाला.

रुग्णांच्या बाबतीतही एक बोलका आकडा हाती आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे अवघे दोन किलो! अर्थात ज्याची प्रकृती मुळात बरी त्याचे वजन लवकर वाढते, हेही यामागे असू शकते. पण वजन वाढत नसेल तर वेळीच सावध व्हावे, एवढे त्यातून नक्की शिकता येते.

शेवटी कोण जेवते?

हे सारे वाचून कुणी म्हणेल, ‘खाल्ल्याने माणूस धडधाकट राहतो हे आमची आजीसुद्धा सांगत होती, त्याला संशोधन कशाला?’ आजीचे म्हणणे बरोबरच होते. पण आजीच्या म्हणण्यावर सरकारी तिजोरीतून पैसा निघत नाही, तो आकड्यांवर निघतो. एप्रिल २०१८ पासून केंद्र सरकार रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. समाजातील दात्यांकडून पोषण आहाराच्या टोपल्या देण्याची जी योजना २०२२ मध्ये सुरू झाली, तिच्यात २०२४ मध्ये रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांचाही समावेश करण्यात आला.

तरीही खरी परीक्षा होते ती स्वयंपाकघरात. नवरा आजारी पडला की बायको त्याच्यासाठी अंडे राखून ठेवते, पावशेर दूध वेगळे काढते. त्याचा रोजगार बुडालेला असतो, म्हणून तेवढ्यापुरती काटकसर घरात कुणी तरी सोसायची असते. ती कोण सोसते, हे सांगायला नको. रात्री जागून शुश्रूषा करणारी, त्याच कोंदट खोलीत श्वास घेणारी तीच बाई सर्वांच्या मागून उरलेल्या भातावर पाणी पिते. जंतू तिच्यापर्यंत पोहोचलेला असतोच, त्याला आत कोंडून ठेवायचे बळ मात्र तिच्या ताटात नसते. काही महिन्यांनी तीही खोकू लागते, आणि लोक म्हणतात, ‘त्याचा आजार तिला लागला.’ अर्धी गोष्ट तेवढीच असते. उरलेली अर्धी तिच्या रिकाम्या भांड्यात असते.

अन्न हे औषधाची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. तूप, बदाम, काढे यांच्या भरवशावर गोळ्या सोडणे म्हणजे आत्मघातच. शिवाय खात्यापित्या घरांतही क्षय होतो. मधुमेह, तंबाखू, दारू, एचआयव्हीची लागण यांनीही प्रतिकारशक्ती खचते. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घटणारे वजन यांपैकी काहीही असले तर तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत असते. घरात एक रुग्ण निघाला तर सर्वांची तपासणी करावी आणि प्रतिबंधक गोळ्या कुणाला घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारावे.

आणि खर्चाची धास्ती नको. झारखंडमध्ये माणसे वाचली ती शक्तिवर्धक पावडरींच्या महागड्या डब्यांनी नव्हे. डाळभात हे तिथले रोजचेच अन्न होते, फक्त ते पुरेसे होते. आपल्याकडची ज्वारी-बाजरीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, उसळ, जमेल तेव्हा अंडे किंवा दूध यांची ताकद कमी नाही. घरात वजनकाटा नसला तर महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर रुग्णाबरोबर घरच्या सर्वांनी उभे राहावे, त्याची काळजी घेणाऱ्या बाईने तर आवर्जून. आणि तिचे ताट इतरांच्या बरोबरच वाढले जावे, मागून नव्हे.