आले हं, आले

आमच्या घराची बेल वाजली की माझा सोळा वर्षांचा मुलगा आतून ओरडतो, ‘आले हं, आले!’ आवाज फुटलाय, ओठांवर मिसरूड आलंय, आणि तो ‘आले’ म्हणतो. पाहुणा नवखा असेल तर दार उघडल्यावर क्षणभर गोंधळतो. वाक्य त्याच्या आईचं आहे. बेल वाजली की पदराला नाहीतर ओढणीला हात पुसत ती स्वयंपाकघरातून जे म्हणत आली, ते त्याने अख्खं उचललं. शब्द तर उचललेच, ‘हं’वरचा हेलसुद्धा. बेल वाजल्यावर माणसं असं म्हणतात, एवढं त्याला कळलं. म्हणणारा मुलगा असेल तर ‘आलो’ म्हणायचं, हे कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि त्याला महत्त्वाचं वाटलं नसेल.

मला मात्र ते फार महत्त्वाचं वाटायचं. मी मुद्रितशोधक आहे. रोज ठाण्याहून दादरला जाऊन दुसऱ्यांच्या चुका काढतो आणि त्याचे पैसे घेतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, असे अठराच्या अठरा मला पाढ्यांसारखे येतात. लग्नपत्रिका हातात पडली तर तारखेआधी मला ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसतं. अशा माणसाच्या पोटी, ज्याचं जवळजवळ प्रत्येक वाक्य व्याकरणाला वळसा घालून येतं असा मुलगा यावा, हा योगायोग मला पुढे पुढे विनोदी वाटू लागला. सुरुवातीला अजिबात वाटला नव्हता.

सुरुवात सगळ्यांची असते तशीच. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे आजोबाही पाचव्या वर्षी बोलले’, ‘तुम्ही दोघं नोकरीवर, बोलणार कोण त्याच्याशी?’ शेवटचं वाक्य बायकोला उद्देशून असायचं. ऑटिझम हा शब्द २०१२ साली आमच्या घरात आला. तेव्हा अपंगत्वाचा कायदा १९९५चा होता आणि त्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. पहिला दाखला मिळाला तो ‘मतिमंदत्व’ या सदराखाली. २०१६च्या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले, त्यात आमचा शब्द आला. पण मधली वर्षं मी तो कागद पाकिटातून काढायचो, चुकीचा शब्द बघायचो आणि परत ठेवायचो. दुसऱ्यांच्या मजकुरातला साधा अनुस्वारही मी सोडत नाही, आणि स्वतःच्या मुलाच्या नावापुढचा अख्खा शब्द मला बदलता येत नव्हता. तो राग मी कुठे काढला, ते पुढे येईलच.

बोलायला लागला तो साडेचार वर्षांचा असताना. आई नाही, बाबा नाही. एका रविवारी वरणभात खाता खाता त्याने स्पष्ट सांगितलं, ‘पुढील स्टेशन नाहूर. अगला स्टेशन नाहूर. नेक्स्ट स्टेशन नाहूर.’ तिन्ही भाषांत, लोकलमधल्या त्या बाईंच्या आवाजात, मधल्या पॉझसकट. बायको रडायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. आठवडाभराने मात्र आम्हाला कळून चुकलं की हे संपणारं नाही, आणि उपचार केंद्रातून सूचना आली: याला उत्तेजन देऊ नका, हे बोलणं नव्हे, ही नुसती पोपटपंची आहे.

एवढंच मला पाहिजे होतं. चूक कुठली ते कुणीतरी दाखवून दिलं होतं. लाल पेन माझ्याकडे होतंच.

त्याला तहान लागली की तो म्हणायचा, ‘पाणी हवंय का तुला?’ भूक लागली की, ‘भूक लागली का माझ्या राजाला?’ हे आम्ही त्याला विचारलेले प्रश्न होते, तेच तो आम्हाला परत द्यायचा. मी ग्लास हातात धरून बसायचो. ‘मला पाणी हवंय, म्हण.’ तो म्हणायचा, ‘म्हण.’ मी म्हणायचो, ‘म्हण नको म्हणू. मला म्हण.’ तो गप्प. ग्लास माझ्या हातात, तहान त्याच्या घशात, आणि माझा पुरुषवाचक सर्वनामांचा तास चालू. बायको आतून यायची, ग्लास काढून घेऊन त्याला द्यायची आणि माझ्याकडे न बघता परत जायची. ती शिस्त मोडते म्हणून मी चिडायचो.

पुढे वाचलं की लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरचा ऑटिझमचा तो मूळ लेख लिहिला, त्यातही हे आहे. मुलं सर्वनामं ऐकू येतात तशीच वापरतात. स्वतःला ‘तू’ म्हणतात. म्हणजे माझ्या घरातली चूक त्या लेखाइतकी जुनी होती. (त्याच कॅनर यांनी आईबापांच्या थंडपणाबद्दलही लिहिलं, आणि पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी आयांवर जो ठपका ठेवला तो खोडून काढायला बरीच वर्षं गेली. ‘तुम्ही नोकरीवर’ म्हणणाऱ्या आमच्या आत्याबाईंनी यांतलं काही वाचलेलं नव्हतं. तरी त्या त्याच निष्कर्षाला पोहोचल्या होत्या.)

तो सात वर्षांचा असताना मी त्याला दादरच्या पुलावर मारलं. इंडिकेटर बंद होता. गाडी कुठली, किती वाजताची, काहीच दिसत नव्हतं, आणि तो जिन्याच्या तोंडाशी खाली बसला. संध्याकाळची वेळ, वरून खालून माणसांचा लोंढा. ‘साहेब, उचला ना पोराला.’ ‘लाडावून ठेवलंय.’ ‘दिसायला तर चांगला आहे!’ हे शेवटचं वाक्य आमच्यासारख्यांना फार ऐकावं लागतं. लोकलच्या अपंगांच्या डब्यातही ऐकावं लागतं, कारण आमच्या मुलांचं काही दिसत नाही आणि दाखला खिशातून काढून दाखवावा लागतो. तर मी त्याच्या गालावर एक ठेवून दिली. जोरात. त्याला वळण लावायला नाही. भोवतीच्या लोकांना दिसावं म्हणून.

त्याने गालावर हात ठेवला आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाला, ‘लागलं का बाळा? लागलं का?’

आणि माझ्या तोंडून निघालं, ‘मला लागलं, म्हण.’

त्यानंतर त्या जिन्यावर काय झालं, आम्ही घरी कसे आलो, मला नीट आठवत नाही. हे वाक्य तेवढं आठवतं. हे मी बायकोला चार वर्षांनी सांगितलं.

इथून पुढे मी सुधारलो असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. मारणं बंद झालं, दुरुस्त करणं चालूच राहिलं. २०१७ साली छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात ‘महाराज’ आलं आणि घोषणा बदलल्या. आठ वर्षांच्या आमच्या चिरंजिवांना तो बदल मुळीच मान्य नव्हता. स्पीकरवर ‘महाराज’ आलं की तो कान दाबून धरायचा आणि जुनं नाव मोठ्याने म्हणायचा. डब्यातले लोक वळून बघायचे, आणि त्या वर्षी ते जरा नाजूकच होतं. मी त्याला घरी बसवून नवीन नाव घोटून घेतलं. महिनाभराने त्याने ते स्वीकारलं. माझी समजूत अशी की मी शिकवलं. बायकोची अशी की स्पीकरवरच्या बाईंनी शिकवलं. तिचं बरोबर असावं.

मार्च २०२०मध्ये लोकल बंद पडल्या. सामान्य प्रवाशांना त्या पुन्हा मिळाल्या फेब्रुवारी २०२१मध्ये, त्याही ठरावीक वेळांत. साधारण दहा महिने. तो अकरा वर्षांचा होता आणि त्याचा दर रविवारचा नेम होता: ठाणे ते सीएसएमटी धीमी लोकल, परत धीमी लोकल. जलद नाही, कारण जलद गाडी नाहूरला थांबत नाही आणि न थांबता गेलेलं नाहूर त्याला दिवसभर छळतं. आता गाड्याच नाहीत हे त्याला कसं सांगणार? पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. मग त्याने गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि स्वतःच गाड्या सोडायला सुरुवात केली. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी दोन.

मी त्याच खोलीत लॅपटॉपवर प्रुफं वाचत बसायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत ऐकत होतो, आणि हातात काम असल्यामुळे मध्ये बोलत नव्हतो. एका दुपारी नळाचं काम करायला माणूस आला. ड्रिल सुरू झालं. मुलगा गॅलरीतून ओरडू लागला, ‘कृपया फलाट व गाडीतील अंतराकडे लक्ष द्या! कृपया फलाट व गाडीतील अंतराकडे लक्ष द्या!’ मी म्हटलं, ‘हळू बोल.’ सात वर्षांची धाकटी चित्रातली मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, तो घाबरलाय.’

‘तुला काय माहीत?’

‘घाबरला की तो तेच म्हणतो ना. इंजेक्शनला पण म्हणतो. सरकत्या जिन्याला पण.’

मी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. म्हणजे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भाषेचा माणूस तेवढा मी.

मग मी कोऱ्या पानांवर त्याची वाक्यं टिपू लागलो. ‘ही गाडी मुलुंड, भांडुप स्थानकांवर थांबणार नाही’ हे केस कापायला जायचं म्हटलं की, दात घासायचे म्हटलं की. म्हणजे नकार. ‘प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे दूध सांडलं तेव्हा, आणि ताप आला तेव्हाही. इथे मी बरेच दिवस अडलो. ‘माझ्या राजाला’ आलं की ते वाक्य आजीचं आणि त्याचा मूड चांगला. ‘आले हं’ फक्त बेलला नव्हतंच. आंघोळीला बोलावलं की ‘आले हं’, जेवायला बोलावलं की ‘आले हं’. हाकेला ओ देणारी एकमेव बाई घरात जे म्हणायची ते. माझ्याकडून त्याने यातलं काय उचललं होतं, ते मी शोधलं. एकच वाक्य सापडलं. गॅलरीतली लोकल चुकून उशिरा सुटली की तो स्वतःलाच दरडावायचा, ‘नीट म्हण. परत म्हण.’

नंतर एका वाचाउपचार तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की या पोपटपंचीकडे संशोधक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बोलणं म्हणून बघायला लागले होते. बॅरी प्रिझंट यांनी अशी पुनरुक्ती कुठे विनंतीसाठी येते, कुठे होकारासाठी, कुठे स्वतःला शांत करायला, ते उलगडून दाखवलं होतं. म्हणजे आमच्या केंद्राने ती सूचना दिली त्याच्या तीस वर्षं आधी. आमच्या धंद्यात चुकून खोडलेला शब्द परत ठेवायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं देतात. जुळणी करणाऱ्याला कळतं, हे तसंच ठेवायचंय. बाईंचं बोलणं ऐकताना मी समोरच्या कागदावर टिंबं काढत बसलो होतो, एवढं खरं.

मध्यंतरी दाखल्याच्या नूतनीकरणासाठी पुन्हा ती प्रश्नावली भरली. ऑटिझम मोजायची आपली भारतीय मापनश्रेणी: चाळीस विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यात पुनरुक्तीचं विधान आहे, सर्वनामांच्या उलटापालटीचंही आहे. जितके गुण जास्त तितकं अपंगत्व जास्त, आणि चाळीस टक्के भरल्याशिवाय सवलती नाहीत. त्यामुळे आईबापांना तिथे मुलाची वाईट बाजू मन लावून सांगावी लागते. मी सांगितली. समोरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘बोलतो का?’ पूर्वी मी ‘नाही, नुसतं ऐकलेलं म्हणतो’ असं सांगायचो. या वेळी म्हटलं, ‘बोलतो. पण तुम्हाला सेंट्रल लाइन माहीत हवी.’ डॉक्टर हसले नाहीत. मागे रांग मोठी होती.

दोन वर्षांनी तो अठराचा होईल. मग १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्याचं कायदेशीर पालकत्व आम्हाला अर्ज करून मागावं लागेल. इतकी वर्षं बाप असून अर्जात ‘अर्जदाराचे नाते’ असा रकाना भरायचा. आमच्यानंतर कोण, हाही प्रश्न येतो. धाकटीचं नाव लिहायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. ती म्हणते लिहा. हा वाद अजून मिटलेला नाही.

‘देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो’ असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. देवाने निवड करताना माझी प्रुफं तपासली असती, तर मी पहिल्याच वाचनात बाद झालो असतो.

परवा दुपारी घरात दोघंच होतो. तो गॅलरीत, मी टेबलापाशी एका कादंबरीच्या शेवटच्या प्रुफात अडकलेला. बेल वाजली. गॅलरीतली लोकल नुकतीच ठाणं सोडत होती, त्यामुळे तो उठणं शक्य नव्हतं. पुन्हा वाजली. मी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची मागे ढकलत ओरडलो, ‘आले हं, आले!’

दार उघडलं. कुरियरचा पोरगा माझ्याकडे बघत होता. मग माझ्या खांद्यावरून आत बघू लागला. ‘मॅडमना बोलावता का? सही पाहिजे.’