खांबावरचा माणूस

विजेच्या पोलाचा सहावा हिस्सा जमिनीत गाडतात. ९ मीटरच्या पोलाचे साडेसात मीटर वर उरतात. सात मीटरवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत खाली येतो, ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं.

*

जमिनीवर हलका शॉक बसला की माणूस हात झटकतो, एक शिवी हासडतो आणि कामाला लागतो. पोलावर तेवढाच शॉक पकड सोडवायला पुरतो. बाकीचं उंची करते.

*

जपाननं २०२२पासून पावणेसात मीटरच्या वर पूर्ण अंगाचा हार्नेस सक्तीचा केला. ठीकच; नुसत्या कमरपट्ट्यात पडणाऱ्याचा सगळा भार पोटावर आणि बरगड्यांवर येतो. पण पाठीला १.८ मीटरची दोरी लावून भागत नाही. ती ताणली जाते, झटका शोषणारी पट्टी उलगडते, त्यात माणसाची उंची धरा. खाली लागणाऱ्या मोकळ्या जागेचा आकडा पाच-सहा मीटरवर जातो. आपल्या पोलावर अर्ध्यात असताना तेवढी जागाच कुठे असते? म्हणून पोलाभोवती घट्ट पट्टा हवा, ढील फार तर दोन फूट. आणि पट्टे दोन हवेत. क्रॉस आर्म ओलांडताना पट्टा सोडावाच लागतो. दुसरा वर अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. एकच पट्टा देणाऱ्या ठेकेदाराला हे कळत नाही असं नाही.

*

चढण्याआधी पोलाचं बूड ठोकून बघावं. लोखंडी पोल जमिनीलगत गंजतो. पोल आडवा झाला तर पट्टाच माणसाला सोबत घेऊन जातो.

*

लाइन बंद करण्याचा क्रम: लेखी परमिट, लायनीवरचा ए.बी. स्विच उघडून कुलूप, टेस्टर, मग अर्थिंग. डिस्चार्ज रॉडची तार आधी जमिनीला, मग लायनीला, काढताना उलट. तेही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. फोनवर ‘बंद केलीय, चढ’ असं सांगणं म्हणजे परमिट नव्हे. तिकडून फीडर भलताच बंद झालेला असू शकतो.

*

दोन्ही बाजूंना का? कारण वीज ग्राहकाकडूनही येते. घर लायनीपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच नसलेला जनरेटर घरात सुरू झाला की त्याचे २३० व्होल्ट डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढतात आणि पलीकडे ११ हजार होऊन निघतात. लाइट गेली की सबस्टेशनला दहा फोन करा हवे तर, पण जनरेटरचं बटण दाबण्याआधी चेंजओव्हर बसवून घ्या.