स्पार्क प्लगची साक्ष

इंजिनला तीनच गोष्टी लागतात : हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. कार्ब्युरेटरचे इंजिन सुरू होत नसेल, तर यांपैकी काहीतरी गैरहजर आहे असे समजावे.

इतिहासाचा विद्यार्थी आधी पुरावा पाहतो. येथे साक्ष देतो तो स्पार्क प्लग. तो कोरडा निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही. कॉक, नळी आणि कार्ब्युरेटरचा जेट क्रमाने तपासावा. ओला निघाला, तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. प्लग पुसून कॅपमध्ये बसवावा, त्याच्या छिद्रापासून दूर इंजिनच्या धातूला टेकवावा आणि किक मारावी. निळी ठिणगी दिसली पाहिजे.

एका पावसाळी रात्री वसतिगृहातील एका मुलाला ताप चढला. दवाखाना दूर, दारात एकच जुनी स्कूटर, तीही मुकी. चौघे चार सल्ले देत होते. आम्ही प्लग काढला. तो पेट्रोलने भिजलेला होता. चोक बंद केला, प्लग पुसून बसविला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारीत राहिलो. इंजिन बोलू लागले. मूल वेळेत दवाखान्यात पोहोचले.

2020 नंतरच्या बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले आहे. कार्ब्युरेटर मागे पडेल. क्रमाने कारण शोधण्याची सवय मागे पडू नये. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती : शाळेत याल तेव्हा मुलामुलींच्या हाती एकदा प्लगपाना द्या, आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.